दोघी हसतात तेव्हा
(स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



या व्याख्यानमालेत इतिहास, शेती, पाणी, संतसाहित्य अशा विषयांवर मोठ्या अभ्यासकांची भाषणं झाली आहेत. आजचा विषय मैत्रिणींच्या विनोदी चित्रपटांचा आहे. ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या बोलण्यात हशा पिकला नाही असं कधी झालं नाही, हे तुम्ही सगळे जाणता. हसण्याला त्यांनी कधी दुय्यम मानलं नाही. त्यामुळे हा विषय निवडताना मला जराही संकोच वाटला नाही.

चित्रपटांकडे वळण्याआधी एक साधी गोष्ट मांडते. आपल्याकडे बाईच्या जवळजवळ प्रत्येक नात्याला एखादा सोहळा आहे. नवऱ्यासाठी वटपौर्णिमा आणि हरतालिका, भावासाठी भाऊबीज, पोटातल्या बाळासाठी डोहाळजेवण, जन्मलेल्या बाळासाठी बारसं. सासरकडच्या दूरच्या चुलत्याचं सुतकसुद्धा तिला पाळावं लागतं. मैत्रिणीसाठी मात्र यातलं काही नाही. वर्षानुवर्षं लोकलच्या एकाच डब्यातून जिच्यासोबत प्रवास केला ती मैत्रीण गेली, तर सुतक नाही, कचेरीतून रजा नाही, आणि तेराव्याला आपण नेमकं कोण म्हणून जायचं हेही ठरलेलं नाही. अमेरिकेतही चित्र फारसं वेगळं नाही. तिथे लग्नाला कायदा आहे, वारशाला कायदा आहे, मैत्रीला काही नाही.

माझं आजचं म्हणणं यातूनच निघतं. मैत्रिणींचे चांगले विनोदी चित्रपट एक काम फार चोख करतात. दुसऱ्याच कशासाठी ठरवलेला सोहळा ते उसना घेतात आणि मैत्रिणींच्या नावावर करून देतात. लग्न असेल, कोर्टातली साक्ष असेल, शाळेचं स्नेहसंमेलन असेल नाहीतर मंगळागौर असेल. ज्या नात्याला जगात मांडव नाही त्याला पडद्यावर मांडव मिळतो, आणि तो बघायला आपण पुन्हा पुन्हा जातो. सत्तर वर्षांपूर्वीचे काही चित्रपट आजही शिळे वाटत नाहीत, त्याचं कारण मला इथे दिसतं.

आधी एक फरक ध्यानात घेऊ. पुरुषांच्या जोडगोळीचा चित्रपट बहुधा दोन परक्या माणसांपासून सुरू होतो. एक शिस्तीचा, दुसरा बेशिस्त. पोलिसी कामगिरी किंवा लांबचा प्रवास त्यांना एकत्र बांधतो, भांडता भांडता दोस्ती होते आणि पडदा पडतो. ‘लीथल वेपन’ आणि ‘प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाइल्स’ हे दोन्ही 1987 चे चित्रपट याच वळणाचे आहेत. बायकांच्या चित्रपटात मैत्री बहुतेक वेळा पहिल्याच प्रसंगात तयार असते. दोघी एका खोलीत राहतात, एकमेकींचे कपडे घालतात, एकीचं वाक्य दुसरी पुरं करते. पुरुषांच्या गोष्टीत प्रश्न असतो, यांचं जमेल का? बायकांच्या गोष्टीत प्रश्न असतो, यांचं टिकेल का? नोकरी, नवरा, पैसा, प्रतिष्ठा यांतलं काहीतरी मध्ये येतं आणि ती मैत्री पणाला लागते.

ही परंपरा जुनी आहे. लॉरेल आणि हार्डी ज्याच्या स्टुडिओत मोठे झाले त्या हॅल रोचने 1931 साली थेल्मा टॉड आणि झॅसू पिट्स यांची जोडी जमवली. पुरुषांची जोडी एवढी चालते तर बायकांची का चालू नये, हा त्याचा सरळ हिशेब. 1933 मध्ये पिट्सच्या जागी पॅट्सी केली आली. मंदीच्या त्या काळात शहरात नोकरी शोधणाऱ्या, भाडं कसं भागवायचं याच्या विवंचनेत असलेल्या मुली या छोट्या चित्रपटांत दिसतात. चार-पाच वर्षांत असे जवळपास चाळीस चित्रपट निघाले. डिसेंबर 1935 मध्ये वयाच्या 29 व्या वर्षी टॉडचा मृत्यू झाला आणि ती मालिका ओसरली. लॉरेल-हार्डी आपल्या घराघरांत पोचले. टॉड आणि तिच्या मैत्रिणींची नावं आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकली असतील.

आता थोडं थांबून पाहण्याजोगा चित्रपट. 1953 चा ‘जेंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’. मूळ कादंबरी अनिता लूस या लेखिकेची, 1925 ची. त्यावर आधी ब्रॉडवेचं संगीत नाटक आलं आणि मग हॉवर्ड हॉक्सने चित्रपट केला. मॅरिलिन मन्रो ही लोरेलाय, जेन रसेल ही डोरोथी. लोरेलायला हिरे आणि श्रीमंत नवरा हवा, डोरोथीला देखणा पुरुष हवा, मग त्याच्या खिशात दमडी नसली तरी चालेल. दोघींची मतं जुळत नाहीत, पण संपूर्ण चित्रपटात एकीने दुसरीला त्यावरून कमी लेखल्याचं दिसत नाही. डोरोथी थट्टा करते, पण दुसऱ्या कुणी लोरेलायला बोल लावला की लगेच तिच्या बाजूने उभी राहते.

या चित्रपटातल्या हिऱ्यांच्या गाण्याची आठवण सगळे काढतात. मला त्यातला पॅरिसच्या कोर्टाचा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. लोरेलायवर हिऱ्यांचा मुकुट चोरल्याचा आळ आहे. तिला वेळ मिळावा म्हणून डोरोथी सोनेरी केसांचा टोप चढवते, फरचा कोट घालते आणि ‘मीच लोरेलाय’ म्हणून न्यायाधीशांसमोर उभी राहते. मैत्रिणीचा लाडिक आवाज, तिचं डोळे मोठे करणं, तिचा भाबडेपणा, सगळं रसेलने अंगात आणलं आहे. ती नक्कल बघताना हसू आवरत नाही. पण नक्कल इतकी हुबेहूब करायला त्या माणसाकडे किती वर्षं किती मायेने पाहिलेलं असावं लागतं! कोर्टात मलोन नावाचा गुप्तहेर बसला आहे. डोरोथीचं त्याच्यावर प्रेम आहे, आणि लोरेलायवर पाळत ठेवायला नेमलेला माणूसही तोच आहे. समोर उभी आहे ती डोरोथी, हे त्याला कळतं. तेव्हा डोरोथी लोरेलायच्या आवाजात, लोरेलायच्या नावाने त्याला ऐकवते की डोरोथीचं तुझ्यावर प्रेम असेलही, पण तिच्या मैत्रिणीचं तू वाईट केलंस तर ती तुला कधी माफ करणार नाही. प्रियकरापेक्षा मैत्रीण वरची, ही साक्ष ती भर न्यायालयात नोंदवते. कायद्याच्या दरबारात मैत्रीला जागा नव्हती. दीड तासाच्या विनोदी चित्रपटाने ती तिथे मिळवून दिली.

शेवटी दोघींची लग्नं एकाच मांडवात लागतात. दोघींच्या अंगात सारखेच पांढरे लेसचे पोशाख. दोन नवरे दोन बाजूंना उभे आहेत. मग कॅमेरा पुढे सरकत जातो, नवरे चौकटीबाहेर जातात आणि चित्रात फक्त दोघी उरतात, एकमेकींकडे बघून हसणाऱ्या. हे लग्न कुणाचं, असा प्रश्न त्या क्षणी पडतो आणि त्याचं उत्तर चौकटीनेच दिलेलं असतं. पडद्याबाहेरही तसंच घडलं. 26 जून 1953 रोजी हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरसमोर मन्रो आणि रसेल शेजारी शेजारी बसल्या आणि त्यांनी ओल्या सिमेंटमध्ये आपले हात आणि पाय एकाच वेळी उमटवले. त्या काळात रसेल मोठी तारका होती, मन्रो वर येत होती. दोन नायिका म्हणजे दोन वैरिणी असं मानणाऱ्या उद्योगात ते दोघींचे ठसे शेजारी शेजारी उमटले, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

डिसेंबर 1980 मध्ये आलेला ‘नाइन टू फाइव्ह’ माझ्या मांडणीला अपवाद आहे, आणि तो अपवाद फार शिकवणारा आहे. इथे तिघी आहेत आणि सुरुवातीला त्या मैत्रिणी नाहीत. जेन फोंडा, लिली टॉमलिन आणि पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर आलेली गायिका डॉली पार्टन. या चित्रपटामागे खरी चळवळ उभी होती. बोस्टनमध्ये 1973 साली कॅरन नुसबॉम आणि एलन कॅसेडी यांनी कचेऱ्यांत काम करणाऱ्या बायकांची ‘नाइन टू फाइव्ह’ नावाची संघटना सुरू केली होती. नुसबॉम ही फोंडाची मैत्रीण. कथा पॅट्रिशिया रेझनिक या लेखिकेची, पटकथेत तिच्या जोडीला दिग्दर्शक कॉलिन हिगिन्स. फोंडा आणि हिगिन्स कचेरीत राबणाऱ्या बायकांशी बोलले. साहेबाचा काटा काढावा असं मनात कधी आलं का, या प्रश्नावर त्या बायकांनी जे सांगितलं, त्यातून चित्रपटातली तिघींची तीन स्वप्नं आली. एक शिकारी होऊन साहेबाच्या मागे लागते, एक त्याला दोरीचा फास टाकून गुरासारखा बांधते, आणि एक परीकथेतल्या राजकन्येसारखी कॉफीत विष कालवते.

या चित्रपटाचं मर्म कॉफीपेक्षा आधीच्या एका गोष्टीत आहे. पार्टनने साकारलेल्या डोरालीला कचेरीतल्या बायका वाळीत टाकतात. तिच्याशी कुणी धड बोलत नाही, तिला कुणी जवळ करत नाही, आणि का ते तिला उमगत नाही. तिचं आपल्याशी प्रकरण आहे अशी अफवा साहेबानेच पसरवलेली असते. ज्या क्षणी तिला हे कळतं, त्या क्षणी ती साहेबावर तुटून पडते, आणि त्याच दिवशी तिघी पहिल्यांदा एकत्र बसतात, पितात, खातात, पोट दुखेपर्यंत हसतात. बायका एकमेकींच्या वैरी असतात हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. ते वैर तयार कुठे होतं आणि त्याचा फायदा कुणाला होतो, हे या चित्रपटाने जगभरच्या प्रेक्षकांना हसवत हसवत दाखवलं.

पुढे साहेब त्यांच्या ताब्यात सापडतो, त्याला घरात बांधून ठेवावं लागतं, आणि त्या काळात तिघी त्याच्या सहीने कचेरी चालवतात. कामाच्या वेळा लवचीक होतात, पाळणाघर सुरू होतं, दोघींना एक नोकरी वाटून घेता येते, पगार समान होतात. कामाचा उरक वाढतो. शेवटी कंपनीचा अध्यक्ष पाहणीला येतो. हा तपासणीचा दिवस म्हणजे कचेरीतला सगळ्यात मोठा सरकारी थाटाचा सोहळा, आणि तो नकळत तिघींचा होतो. अध्यक्ष सगळं वाखाणतो. फक्त एक गोष्ट बंद करायला सांगतो, ती म्हणजे समान पगार. चित्रपटगृहात हशा उठतो आणि त्याच वेळी पोटात गोळा येतो. पुढे या चित्रपटावर 2009 मध्ये ब्रॉडवेवर संगीत नाटक आलं. फोंडा आणि टॉमलिन तर 2015 ते 2022 ‘ग्रेस अँड फ्रँकी’ या मालिकेत पुन्हा मैत्रिणी झाल्या, ऐंशीच्या घरात जाईपर्यंत.

इथे एका वेगळ्या चित्रपटाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. 1991 चा ‘थेल्मा अँड लुईस’. लेखिका कॅली खुरी, त्यासाठी तिला ऑस्कर मिळालं. त्यातही दोन मैत्रिणी आहेत, प्रवास आहे, सुरुवातीला भरपूर हशा आहे. पण जग त्यांना परत येऊ देत नाही. त्यांना कुठलाच मांडव मिळत नाही, शेवटी उरतो तो दरीचा कडा. तो चित्रपट थोर आहे. विनोदी चित्रपटाचा आग्रह मात्र वेगळा असतो. या दोघी जगल्या पाहिजेत, सोमवारी कामावर गेल्या पाहिजेत आणि गावाने त्यांना बघितलं पाहिजे, असा तो आग्रह. मला तो कमी धाडसाचा वाटत नाही.

1997 च्या ‘रोमी अँड मिशेल्स हायस्कूल रियुनियन’ची जन्मकथा बोलकी आहे. रॉबिन शिफ या लेखिकेने बायकांच्या स्वच्छतागृहात घडणारं एक नाटक लिहिलं होतं. त्यात रोमी आणि मिशेल ही दोन दुय्यम पात्रं होती. त्यांच्याभोवतीच पुढे चित्रपट उभा राहिला. लिसा कुड्रोने मिशेल आधी रंगमंचावर केली होती. चित्रपटात रोमी झाली मीरा सोर्व्हिनो. शाळा सोडून दहा वर्षं झाल्यावर स्नेहसंमेलनाचं आमंत्रण येतं आणि दोघींच्या लक्षात येतं की मिरवण्याजोगं आपल्याकडे काहीच नाही. ना नवरा, ना हुद्दा. मग त्या थाप मारायचं ठरवतात की चिकटपट्टीचे ते पिवळे कागद, पोस्ट-इट, आपणच शोधून काढले. वाटेत दोघींचं भांडण होतं ते याच थापेवरून, की कल्पना नेमकी कुणाची म्हणायची. जी गोष्ट दोघींपैकी एकीचीही नाही तिच्यावरून इतक्या वर्षांची माया तुटायची वेळ येते! पैसा, मान आणि यश यांची माणसाला लागणारी ओढ याहून कमी शब्दांत दाखवणं कठीण आहे.

स्नेहसंमेलन हा कुणी काय कमावलं ते मोजण्याचा दिवस. तिथे थाप उघडी पडते, दोघींची फजिती होते, आणि मग त्या स्वतः शिवलेल्या झगझगीत कपड्यांत परत सभागृहात येतात. नाचायला बोलावणं येतं तेव्हा एक एकटी जात नाही. शाळेतला एक जुना चाहता आणि या दोघी, असे तिघे मिळून नाचतात. जोडीने करायच्या नाचात तिसरीला जागा केली जाते. प्रतिष्ठेचा हिशेब मांडणारा सोहळा तेवढ्या वेळापुरता मैत्रीचा होतो.

2011 चा ‘ब्राइड्समेड्स’ क्रिस्टन विग आणि अ‍ॅनी मुमोलो या दोन मैत्रिणींनी मिळून लिहिला. दिग्दर्शक पॉल फीग. सव्वातीन कोटी डॉलरच्या आसपास खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात 28 कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. मूळ पटकथेसाठी आणि मेलिसा मॅकार्थीच्या भूमिकेसाठी ऑस्करची नामांकनं मिळाली. बायकांचे विनोदी चित्रपट चालत नाहीत असं म्हणणाऱ्यांची तोंडं त्यानंतर काही काळ बंद झाली.

त्यातली अ‍ॅनी मिलवॉकीची. मंदीत तिचं केकचं दुकान बुडालं आहे. तिची बालमैत्रीण लिलियन लग्न करते आहे आणि करवल्यांत हेलन नावाची श्रीमंत, टापटीप बाई आली आहे. साखरपुड्याच्या पार्टीत लिलियनबद्दल दोन शब्द बोलायला दोघी उभ्या राहतात. एक ध्वनिक्षेपक खाली ठेवते, दुसरी उचलते. पुन्हा पहिली घेते, पुन्हा दुसरी. सभागृह अवघडून जातं. मैत्रीण म्हणून जगासमोर उभं राहायला मिळणारा तो एकमेव क्षण आहे आणि तो दोघींनाही सोडवत नाही, हे त्या हास्याच्या तळाशी आहे.

याच चित्रपटातला एक छोटा, शांत प्रसंग मी मुद्दाम सांगते. अ‍ॅनी रात्री स्वयंपाकघरात एकच कपकेक करते. एकाच्या मापाचं पीठ, एकाच्या मापाची साखर. वर साखरेची फुलं बारकाईने लावते. पुरा झाल्यावर त्याच्याकडे क्षणभर बघते आणि एकटी खाऊन टाकते. हात तिचे तसेच कसबी आहेत, कमी आहे ती खाणाऱ्यांची. या एका दृश्यात तिचं बुडालेलं दुकान आहे आणि दुरावणारी मैत्रीणही आहे. विमानातला गोंधळ, कपड्यांच्या दुकानातली फजिती यांच्यावर प्रेक्षक खळखळून हसले, पण हा कपकेक नसता तर ते हसू इतकं टिकलं नसतं. शेवटी लग्न लिलियनचं लागतं, पण आपण वाट बघत असतो ती दोघी समेटाने शेजारी उभ्या राहण्याची.

2019 च्या ओलिव्हिया वाइल्ड दिग्दर्शित ‘बुकस्मार्ट’मध्येही हेच दिसतं. पदवीदानाचा समारंभ शाळेचा, पण त्याच्याकडे आपण मॉली आणि एमी या दोघींच्या ताटातुटीचा समारंभ म्हणून बघतो. या वाटेवरच्या चित्रपटांची यादी मोठी आहे, ती सगळी वाचण्याचं कारण नाही.

आता आपल्याकडे येऊ. मैत्रीच्या विनोदाची मराठीतली सर्वांत लाडकी गोष्ट 1988 ची, ‘अशी ही बनवाबनवी’. चार मित्र, राहायला जागा नाही, म्हणून दोघे साडी नेसतात. लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होतो, सचिन सुधा होतो. वसंत सबनीसांच्या संवादांवर आजही घराघरांत बैठका रंगतात आणि त्या प्रेमात मीही सामील आहे. पण मनात एक प्रश्न येतो. पडद्यावर दोन ‘मैत्रिणी’ इतक्या मोकळेपणी धमाल करताना आपण पाहिल्या, ते मुळात दोन पुरुष होते. खऱ्या बायकांना ती मुभा मिळायला पुढे कितीतरी वर्षं लागली. 1999 मध्ये चंद्रकांत कुलकर्णींचा ‘बिनधास्त’ आला, त्यात सगळ्या भूमिका बायकांच्या होत्या, पण तो रहस्यपट होता. मैत्रिणींना मोठ्या पडद्यावर एकत्र आणायला आधी एक खून लागला.

मग नोव्हेंबर 2021 मध्ये हेमंत ढोमेचा ‘झिम्मा’ आला. लेखन इरावती कर्णिकचं. करोनाच्या लाटांनंतर चित्रपटगृहं नुकतीच उघडलेली. सुहास जोशी, निर्मिती सावंत, सुचित्रा बांदेकर, क्षिती जोग, सोनाली कुलकर्णी, मृण्मयी गोडबोले, सायली संजीव. वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या घरांतल्या या बायका सहलीसाठी इंग्लंडला जातात. ‘नाइन टू फाइव्ह’प्रमाणे इथेही मैत्री आधी नसते, ती घडते. घरातून एकट्याने निघणं, स्वतःसाठी पैसे खर्च करणं, कुणाच्याही जेवणाची काळजी न करता सकाळी उठणं. पर्यटन कंपनीची सहल ही मध्यमवर्गीय मराठी घरात आता एक रूढ विधीच झाली आहे. बहुधा जोडप्याने करायचा. ‘झिम्मा’ने तो बायकांच्या नावावर केला.

जून 2023 च्या अखेरीस केदार शिंदेचा ‘बाईपण भारी देवा’ आला, लेखन वैशाली नाईकचं. दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने एकत्र येतात. मंगळागौर ही मुळात नवविवाहितेची श्रावणातली पूजा, सौभाग्यासाठी मांडलेली. पण पूजा आटोपली की रात्र बायकांची असते. झिम्मा, फुगडी, पिंगा, लाट्या, आणि त्यांत मनातलं बोलून टाकायची सोय. म्हणजे सोहळा उसना घेण्याची ही युक्ती आपल्या आज्या-पणज्यांना चांगली ठाऊक होती. नवऱ्याच्या आयुष्याची पूजा सकाळी, आणि स्वतःच्या आयुष्याची मजा रात्रभर. चित्रपटाने हेच सूत्र पकडलं आणि सख्ख्या बहिणींना पुन्हा एकदा मैत्रिणी केलं. नातं रक्ताचं असलं तरी मैत्री आपोआप येत नाही, ती घाम गाळून मिळवावी लागते, हे सहाही जणींच्या धापा टाकण्यातून कळतं.

चित्रपटगृहात जे घडलं ते तर पडद्याच्याही पुढचं होतं. महिला मंडळं, भिशीचे गट, सोसायट्यांमधल्या बायका नटूनथटून, साड्या नेसून, नथी घालून एकत्र आल्या. कित्येक ठिकाणी चित्रपट संपल्यावर तिथेच फेर धरला गेला. चित्रपट मराठीतल्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत जाऊन बसला. त्या बायका तिकीट काढून एक सोहळाच साजरा करायला आल्या होत्या. मुंबईच्या लोकलमधल्या महिलांच्या डब्यात हे आधीपासून होत आलं आहे. तिथे हळदीकुंकू होतं, गर्भार मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं, दसऱ्याला डबा फुलांनी सजतो. जागा रेल्वेची, मुहूर्त पंचांगातला, पण सोहळा डब्यातल्या मैत्रिणींचा.

1 मे 2024 रोजी आलेला परेश मोकाशी आणि मधुगंधा कुलकर्णी यांचा ‘नाच गं घुमा’ एक अवघड पाऊल पुढे टाकतो. मुक्ता बर्वेची राणी नोकरी करते, नम्रता संभेरावची आशाताई तिच्याकडे कामाला येते. एकीच्या घड्याळावर दुसरीचं घड्याळ चालतं. आशाताईला उशीर झाला की राणीचा दिवस कोसळतो, आणि आशाताईला उशीर का होतो हे विचारायला राणीला सवड नसते. इथे प्रश्न मैत्रीचा आहे तसाच पगाराचाही आहे. मालकीण आणि कामवाली मैत्रिणी होऊ शकतात का? माझ्या मते माया होऊ शकते, आणि मायेला मैत्री म्हणायचं तर पगार, सुट्टी आणि मान यांचा हिशेब आधी चोख करावा लागेल. ही चर्चा आपल्या घरांत विनोदामुळे सुरू झाली. गंभीर चित्रपट काढला असता तर ज्यांनी तो बघायला हवा होता त्या मालकिणी फिरकल्याही नसत्या.

या चित्रपटांवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यांतले काही मला पटतात. उसन्या सोहळ्याबरोबर त्याचे नियमही येतात. ‘जेंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’ लग्नापाशीच थांबतो. ‘ब्राइड्समेड्स’मध्ये लग्नाचा खर्च हीच मैत्रीची परीक्षा ठरते. परदेशी सहल आणि स्पर्धेची नऊवारी प्रत्येकीला परवडत नाही. हॉलिवूडच्या या गाजलेल्या चित्रपटांत बहुतेक नायिका गोऱ्या आहेत, आपल्याकडच्या बहुतेक शहरी, मध्यमवर्गीय आहेत. सोहळा मिळाला, पण निमंत्रणपत्रिका सगळ्यांना गेली नाही. हा दोष नोंदवलाच पाहिजे.

तरीही हे चित्रपट टिकतात, आणि ते का टिकतात याचं उत्तरही सोहळ्यातच आहे. रहस्यपट एकदा कळला की उत्कंठा संपते. सोहळ्यात पुढे काय होणार हे सगळ्यांना माहीत असतं. अंतरपाट दूर होणार, अक्षता पडणार, हे ठाऊक असूनही आपण दर लग्नाला त्याच ओढीने बघतो. कोर्टातली डोरोथी, तिघांचा तो नाच, बहिणींचा फेर आपण दहाव्यांदा बघतो तेव्हा गोष्ट कळावी म्हणून बघत नाही. त्या प्रसंगाला हजर राहायचं असतं. म्हणून हे चित्रपट एकटीने बघायचे नसतात, मैत्रिणीला घेऊन बघायचे असतात, आणि दरवेळी त्याच जागी टाळी द्यायची असते.

आणि विनोदच का? कारण गांभीर्य हे मान्यता मिळालेल्या नात्यांच्या वाट्याला आलं. मंत्र, करार, साक्षीदार, सही हे सगळं तिकडे गेलं. मैत्रिणींकडे दुसरी साधनं नव्हती. एकमेकींच्या फजितीला साक्षी राहणं आणि त्या फजितीसकट एकमेकींना पसंत करणं, हीच त्यांची शपथ. चारचौघांत बाईने शहाणं, नेटकं, सोशिक असावं अशी अपेक्षा असते. मैत्रिणीसमोर ती वेडी, हावरी, चुकलेली, रडकी असू शकते आणि तरीही तिची पत कमी होत नाही. दोघी हसतात तेव्हा एकमेकींना ही मोकळीक देत असतात. पडद्यावर ती देवाणघेवाण दिसली की बघणारीच्या छातीवरचं ओझं काही काळ उतरतं.

अजून एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. अनिता लूस, पॅट्रिशिया रेझनिक, रॉबिन शिफ, विग आणि मुमोलो, इरावती कर्णिक, वैशाली नाईक, मधुगंधा कुलकर्णी. दिग्दर्शक अनेकदा पुरुष असले तरी कागदावर या गोष्टी बहुधा बायकांनी उतरवल्या. बायका आपसात काय बोलतात, कशावर हसतात, कुठे गप्प होतात, हे त्या खोलीत बसलेल्यालाच कळतं. मराठीत असे आणखी चित्रपट हवे असतील तर लिहिणाऱ्या बायकांना आधी पैसे आणि वेळ द्या, एवढी एक व्यावहारिक मागणी मी या व्यासपीठावरून निर्मात्यांकडे करते.

मला पुढचा मराठी चित्रपट कोणता पाहायचा आहे तेही सांगते. बचत गटाच्या बैठकीत बसलेल्या बायका, ऊसतोडीला एका टोळीतून जाणाऱ्या जावा-जावा, गावोगाव फिरणाऱ्या आशा सेविका यांच्यावर आपण पुष्कळ करुण चित्रपट आणि माहितीपट पाहिले. त्यांचं दुःख खरं आहे. पण त्या हसतात, एकमेकींच्या नकला करतात, साहेबाचं सोंग आणतात, रुसतात आणि पुन्हा एका ताटात जेवतात, हेही तितकंच खरं आहे. ग्रामसभा, हप्त्याचा दिवस, मुकादमाकडचा हिशेब हे त्यांच्या आयुष्यातले सोहळे अजून कुणी त्यांच्या नावावर केलेले नाहीत. ते करणारी लेखिका महाराष्ट्रात कुठेतरी नक्की आहे. तिच्या चित्रपटाला आपण सगळ्यांनी पहिल्या दिवशी जायचं, आणि एकटीने जायचं नाही.